रायफलीच्या लाकडी दस्त्याचे रोगणकाम

पन्नास मीटर अंतरावरच्या रायफल नेमबाजीत लक्ष्यपत्रावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, तर दहा मीटर अंतरावरच्या एअर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचा मध्यबिंदू अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. इतक्या लहान लक्ष्यावर एकामागून एक साठ गोळ्या पोहोचवायच्या, तर नेमबाजाची नजर, श्वास आणि बोट यांच्याबरोबर रायफलही प्रत्येक वेळी अगदी सारखीच वागली पाहिजे. आणि तिच्या या सारखेपणात ज्या भागाचा वाटा मोठा असूनही सामान्य वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही, तो भाग म्हणजे तिचा दस्ता. २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर प्रोन, म्हणजे पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, तेजस्विनी सावंत यांनी सुवर्णपदक मिळवले आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर थ्री पोझिशन, म्हणजे तीन स्थितींतून नेम धरण्याच्या प्रकारात कांस्यपदक पटकावले, तेव्हापासून कोल्हापूरचे आणि एकूणच महाराष्ट्राचे नाव या खेळाशी घट्ट जोडले गेले आहे. साहजिकच या खेळाच्या साधनांविषयीचे कुतूहलही मराठी वाचकांत वाढले आहे.

आघाडीच्या स्पर्धकांच्या हाती आज बहुधा ॲल्युमिनियमचा दस्ता दिसतो, तरीही लाकडी दस्त्याच्या रायफली क्लबांमध्ये, सराव केंद्रांवर आणि जुन्या नेमबाजांच्या घरी अजून वापरात आहेत आणि नीट राखल्या तर आणखी कित्येक वर्षे चांगले गुण देण्याची त्यांची क्षमता आहे. अशा रायफलीच्या दस्त्याचे रोगण झिजते, घामाने काळवंडते, त्याचे पोपडे सुटतात आणि मग तो पुन्हा रंगवण्याचा किंवा पॉलिश करण्याचा प्रश्न उभा राहतो. हे काम वरवर पाहता घरातल्या लाकडी सामानाच्या पॉलिशसारखेच वाटते, पण दस्ता हा मापात बसवलेला यंत्राचा भाग असल्यामुळे रंग कोठे द्यावा याइतकेच तो कोठे देऊ नये हे ठाऊक असणे येथे महत्त्वाचे ठरते.

दस्त्याची रचना आणि त्यातील बैठक

रायफलीची नळी आणि तिला जोडलेली गोळी उडवणारी यंत्रणा हा धातूचा भाग ज्यात बसवलेला असतो आणि जो नेमबाजाच्या खांद्याला, गालाला व दोन्ही हातांना टेकतो, त्या भागाला दस्ता म्हणतात. त्याच्या मागच्या टोकाला खांद्यावर टेकणारी बटप्लेट असते, तिच्या पुढे गाल टेकवण्याची गालपट्टी असते, चापाच्या मागे उजव्या हाताची उभी मूठ असते, आणि पुढे डाव्या हातावर पेलला जाणारा लांबट भाग असतो, ज्याला फोरएंड म्हणतात. डावखुऱ्या नेमबाजाच्या रायफलीत ही रचना आरशातल्यासारखी उलट असते.

धातूची यंत्रणा दस्त्यात कोरलेल्या ज्या खाचेत बसते, तिला या लेखापुरते बैठक म्हणू. यंत्रणा या बैठकीत दोन किंवा अधिक स्क्रूंनी आवळलेली असते आणि चांगल्या स्पर्धेच्या रायफलीत नळीचा पुढचा भाग लाकडाला कोठेही न टेकता मोकळा राहावा अशी योजना असते. गोळी सुटताना नळी अत्यंत सूक्ष्म प्रमाणात थरथरते, आणि ही थरथर दर वेळी सारखी असेल तरच गोळ्या एकाच जागी जातात. म्हणून बैठकीतील दाब बदलला किंवा फुगलेले लाकूड एखाद्या ठिकाणी नळीला टेकू लागले, तर थरथरीचा प्रकार बदलतो आणि गोळ्यांचा पुंजका सरकतो किंवा फाकतो. नेम धरण्याच्या साईट धातूच्या भागावर बसवलेल्या असल्याने लाकूड किंचित वाकले म्हणून नेमरेषा लगेच चुकत नाही, परंतु दाबातील हा अदृश्य बदल मात्र लक्ष्यपत्रावर दिसून येतो. पन्नास मीटरवर दहा मिलिमीटरचा फरक पडायला नळीची दिशा एका मीटरच्या लांबीत केवळ ०.२ मिलिमीटरने बदलणे पुरेसे असते, हे गणित ध्यानात घेतले की लाकडाच्या एवढ्याशा हालचालीलाही इतके महत्त्व का द्यावे लागते ते कळते.

लाकूड आणि हवेतील ओलावा

दस्त्यासाठी परंपरेने सर्वांत मानाचे लाकूड अक्रोडाचे. ते कठीण असूनही कोरायला सोपे, धक्का सोसणारे आणि एकदा नीट वाळले की आकार राखणारे असते, शिवाय त्याच्या तपकिरी रंगावरील गडद रेषा देखण्या दिसतात. जर्मनीत १८५६ मध्ये सुरू झालेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उल्म शहरात नव्याने उभी राहिलेली आन्शुट्झ ही कंपनी, तसेच वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपन्या यांच्या जुन्या स्पर्धेच्या रायफलींवर अक्रोडाचे दस्ते मोठ्या प्रमाणात आढळतात. तुलनेने स्वस्त रायफलींवर बीच या युरोपीय झाडाचे फिकट, बारीक छिद्रांचे लाकूड वापरलेले दिसते. तिसरा प्रकार लॅमिनेटचा, म्हणजे पातळ लाकडी पापुद्रे चिकटवून केलेल्या ठोकळ्यातून कोरलेल्या दस्त्याचा. त्यात एका पापुद्र्याची वाकण्याची ओढ दुसऱ्यामुळे आवरली जात असल्याने तो एकसंध लाकडापेक्षा अधिक स्थिर राहतो.

लाकूड झाडापासून तुटून कितीही वर्षे झाली तरी भोवतालच्या हवेतील ओलावा घेणे आणि सोडणे थांबवत नाही. कोरड्या हवेत त्यातील पाण्याचे प्रमाण सात-आठ टक्क्यांवर येते, तर ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आर्द्रतेच्या हवेत ते पुरेशा काळाने सोळा टक्क्यांच्या आसपास जाते. या फेरफाराने लाकूड रेषेच्या लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत मात्र फुगते आणि आक्रसते. एखादा ४० मिलिमीटर रुंदीचा, रोगण नसलेला बीचचा तुकडा आठ टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर गेला, तर त्याची रुंदी एक मिलिमीटरहून अधिक वाढू शकते. अक्रोडात ही वाढ त्यापेक्षा कमी असते, आणि अक्रोडाच्या प्रतिष्ठेचे एक कारण यात आहे. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्याची कोरडी हवा आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणातली दमट हवा या दोन्हींतून प्रवास करणाऱ्या रायफलीचे लाकूड दरवर्षी अशा फेऱ्यातून जाते.

रोगणाचे खरे काम हा फेरा मंदावण्याचे आहे. कोणतेही रोगण ओलावा पूर्णपणे रोखत नाही, ते केवळ त्याचा वेग कमी करते, आणि हा वेग दस्त्याच्या सर्व बाजूंनी सारखाच कमी झाला पाहिजे. बाहेरून चार हात चकचकीत पॉलिश आणि आत कोरे लाकूड अशी स्थिती असली, तर ओलावा आतल्या बाजूने घेतला जातो, एक बाजू फुगते, दुसरी जागच्या जागी राहते आणि दस्ता वाकतो. बटप्लेटच्या खालचा भाग याबाबतीत विशेष नाजूक असतो, कारण तेथे लाकूड रेषेला आडवे कापलेले असते आणि उघड्या पडलेल्या नलिकांच्या तोंडांतून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट वेगाने आत शिरते. नेमका हाच भाग प्लेटखाली झाकला जात असल्याने रंगवताना सर्वाधिक दुर्लक्षिला जातो.

रोगणांचे प्रकार

दस्त्यावर वापरली जाणारी रोगणे ढोबळमानाने तीन गटांत मोडतात. पहिला गट लाकडात मुरणाऱ्या तेलांचा. त्यातील सर्वांत जुने जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलींचे दस्ते याच तेलाने राखले जात. कच्चे जवस तेल सुकायला दिवसच्या दिवस घेते, म्हणून बाजारात बॉइल्ड या नावाने मिळणाऱ्या तेलात कोबाल्ट किंवा मँगनीज या धातूंची संयुगे घालून ते लवकर सुकेल असे केलेले असते. चीनमधील टुंग वृक्षाच्या बियांचे तेल जवसापेक्षा पाण्याला अधिक दाद न देणारे मानले जाते. तेलाच्या रोगणाचा मोठा गुण असा की ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल चोळून तो मिटवता येतो आणि लाकडाचा स्पर्श हाताला लाकडासारखाच राहतो. त्याची मर्यादा अशी की ओलाव्याची वाफ रोखण्याची त्याची ताकद फार थोडी असते.

दुसरा गट लाखेच्या पॉलिशचा. पळस, कुसुम आणि बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी लाख शुद्ध करून तिच्या पातळ चपड्या बनवतात आणि त्या स्पिरिटमध्ये विरघळवून कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने लाकडावर चोळतात. जुन्या मराठी घरांतील कपाटे आणि पलंग याच फ्रेंच पॉलिशने चमकत असत. हवेतील वाफ अडवण्यात लाख चांगलीच उपयोगी पडते, परंतु थेट पाणी, उष्णता आणि स्पिरिट यांपुढे ती टिकत नाही, आणि घामट हाताखाली तिच्यावर पांढरे डाग उमटतात. त्यामुळे स्पर्धेच्या रायफलीवर वरचा थर म्हणून ती कमी उपयोगाची असली, तरी आतील कोरे लाकूड पातळ थराने बंद करण्यासाठी ती उत्तम ठरते.

तिसरा गट पृष्ठभागावर कठीण पापुद्रा धरणाऱ्या रोगणांचा, ज्यात वार्निश, लॅकर आणि आज फर्निचरच्या दुकानांत पीयू या नावाने ओळखले जाणारे पॉलियुरेथेन येतात. ओलावा, घाम आणि घर्षण या तिन्हींना पीयू चांगले तोंड देते, म्हणून अनेक जणांच्या हातांतून जाणाऱ्या क्लबच्या रायफलीसाठी ते सोयीचे आहे. पण ओरखडा खोल गेला तर तेवढीच जागा बेमालूम दुरुस्त करणे कठीण जाते आणि बहुधा पूर्ण भाग पुन्हा घासावा लागतो. अपारदर्शक रंगही याच गटातला मानता येईल. ज्याच्या रेषा देखण्या आहेत असा अक्रोडाचा दस्ता रंगाने झाकणे शोभत नाही. बीचचा डागाळलेला, ठिकठिकाणी लांबी (पुट्टी) भरलेला दस्ता मात्र प्राइमर आणि रंग देऊन नीटनेटका करण्यात काहीच गैर नाही, आणि निळ्या, लाल किंवा काळ्या रंगातले दस्ते नेमबाजीच्या मैदानांवर सर्रास दिसतात.

सुरुवात करण्यापूर्वी

काम सुरू करण्याआधी रायफल रिकामी असल्याची दोनदा खातरजमा करणे ही पहिली पायरी आहे आणि तिला अपवाद नाही. भारतात काडतुसाची अशी रायफल शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवान्यावर बाळगली जाते, आणि तिच्या धातूवरील क्रमांक किंवा ओळखखूण पुसणे, घासणे वा बदलणे हा गुन्हा आहे. त्यामुळे घासकाम आणि रंगकाम फक्त वेगळ्या केलेल्या लाकडापुरते मर्यादित ठेवावे आणि धातूचा भाग त्या काळात कुलपात राहावा. सुताराकडे किंवा पॉलिशवाल्याकडे कोणता भाग सोपवता येईल हे परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून आधीच विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

यानंतर रायफलीच्या आजच्या स्थितीची नोंद करावी. शेवटच्या सरावाचे लक्ष्यपत्र जपून ठेवावे, बटप्लेट आणि गालपट्टी कोणत्या मापावर बसवली आहे ते लिहून ठेवावे, कोणता स्क्रू कोठून निघाला याचा कागदावर आराखडा काढावा, आणि नळी व लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी कोठपर्यंत मोकळी सरकते हेही टिपून घ्यावे. जुनी, मूळ रोगण शाबूत असलेली रायफल संग्राहकांच्या दृष्टीने मोलाची असू शकते आणि एकदा घासून काढलेले मूळ रोगण परत आणता येत नाही. अशा दस्त्यावर केवळ मळ काढून थोडे तेल किंवा मेण देण्यापलीकडे काही न करणेच पुष्कळदा योग्य असते.

दस्ता उघडल्यावर प्रथम चिरा शोधाव्यात. यंत्रणेच्या मागच्या टोकाजवळ आणि मुठीच्या निमुळत्या भागात त्या बहुधा आढळतात, आणि रंगाच्या थराखाली त्या सहज लपून जातात. चीर बैठकीपर्यंत पोहोचली असेल तर रंगकाम थांबवून ती आधी जाणकाराकडून एपॉक्सीने सांधून घ्यावी, कारण वरून कितीही सुंदर दिसला तरी तडकलेला दस्ता स्पर्धेच्या कामाचा राहत नाही.

जुने रोगण काढणे आणि पृष्ठभाग तयार करणे

जुने रोगण खरवडून, घासून किंवा रसायनाने काढता येते. मिथिलीन क्लोराईड असलेले रंग काढणारे द्रव झपाट्याने काम करतात, पण बंद खोलीत त्यांची वाफ प्राणघातक ठरल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून ते टाळावेत. सावकाश काम करणारी कमी घातक रसायने किंवा पातळ पोलादी पट्टीने हलके खरवडणे हा अधिक चांगला मार्ग आहे. गरम हवेचे यंत्र फर्निचरवर चालते, दस्त्यावर मात्र नको, कारण त्या उष्णतेने लॅमिनेटमधील चिकटद्रव्य आणि बैठकीतील एपॉक्सी दोन्ही सैल पडू शकतात.

रोगण निघाल्यावर दबलेले खळगे वर काढण्याची एक जुनी आणि समाधान देणारी पद्धत आहे. खळगा पडताना लाकडाचे तंतू तुटलेले नसतात, नुसते चेपलेले असतात. त्यावर स्वच्छ, ओले सुती फडके ठेवून त्या फडक्याला गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवले की वाफ तंतूंमध्ये शिरते, ते फुगून वर येतात आणि दोन-तीन वेळा असे केल्यावर नखाला लागणारा खळगा हाताला जाणवेनासा होतो. जेथे टोकदार वस्तूने तंतू कापलेच गेले आहेत तेथे मात्र वाफेचा उपयोग होत नाही, आणि ती जागा त्याच लाकडाच्या भुशात एपॉक्सी मिसळून भरावी लागते. गाल आणि मूठ या ठिकाणी वर्षानुवर्षांचा घाम व तेल मुरलेले असते; तेथे खडूची भुकटी आणि थिनर यांचा लेप देऊन, तो वाळल्यावर झटकला की मुरलेले तेल त्याच्याबरोबर बाहेर ओढले जाते. लोखंडी स्क्रूंच्या भोवती अक्रोडावर पडलेले निळसर-काळे डाग लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने होतात, आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने ते फिके पडतात. हे आम्ल विषारी असल्याने हातमोजे घालूनच वापरावे आणि नंतर लाकूड स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे.

घासण्याचे काम हातानेच, लाकडाच्या रेषेच्या दिशेने आणि ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने करावे. १२० नंबरच्या कागदापासून सुरुवात करून १८०, २४० आणि ३२० अशा क्रमाने पुढे जावे, आणि आधीच्या कागदाच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हाती घेऊ नये. नुसत्या बोटांनी घासले की कडा गोल होतात आणि सपाट भागांवर उंचसखलपणा येतो. धातू आणि लाकूड जेथे एकमेकांना भिडतात तेथील लाकूड धातूच्या पातळीखाली गेले तर ती चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून त्या कडांना शक्यतो कागद लावूच नये, आणि बैठकीच्या आत तर कोणत्याही परिस्थितीत घासू नये.

घासकाम संपल्यासारखे वाटले की एक पायरी उरते. दस्त्यावर ओले फडके फिरवून तो वाळू दिला, की अर्धवट तुटलेले तंतू उभे राहतात आणि गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग तळहाताला पुन्हा खरखरीत लागतो. हे उभे तंतू नवीन, धारदार बारीक कागदाने हलकेच छाटावेत आणि हीच क्रिया आणखी दोनदा करावी. ही पायरी गाळली तर रंगाचा पहिला हात दिल्यावर तंतू उभे राहतात आणि ते रंगाच्या थराखाली कायमचे अडकतात.

रंगाचे हात

पारदर्शक रोगणासाठी अक्रोडाची उघडी छिद्रे आधी भरून घ्यावी लागतात, कारण अन्यथा पृष्ठभागावर बारीक टोचे दिसत राहतात. तेल लावून त्यावरच बारीक वॉटर पेपर फिरवला, की तेल आणि भुसा यांचा चिखलासारखा लगदा तयार होऊन छिद्रांत बसतो, आणि तो वाळल्यावर वरचा जादा थर पुसला की लाकडाच्याच रंगाची भरणी होते. तेलाचा प्रत्येक हात अतिशय पातळ द्यावा, दहा-पंधरा मिनिटांनी उरलेले तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढावे आणि दुसऱ्या हातासाठी निदान एक दिवस थांबावे. जाड लावलेले तेल आतून ओलेच राहून वर चिकट कातडे धरते. बीचवर रंगछटा द्यायची असेल तर ती ठिकठिकाणी कमी-जास्त शोषली जाते, म्हणून आधी पातळ केलेल्या लाखेचा एक हात देऊन मग छटा दिल्यास ती सारखी बसते.

अपारदर्शक रंगासाठी प्रथम प्राइमरचा हात, मग जेथे लहान खड्डे दिसतील तेथे लांबी, मग पुन्हा घासून प्राइमर आणि त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात असा क्रम असतो. स्प्रे गन असो किंवा डबा, हात एकसारखा आणि दस्त्याच्या कडेबाहेरून कडेबाहेर फिरवावा, नाहीतर ज्या जागी हात थांबतो तेथे रंग साचून ओघळ येतात. पावसाळ्यात हे काम करूच नये; द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील वाफ त्यावर धरते आणि लॅकरवर दुधाळ झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत या कामाला सर्वांत अनुकूल असतो.

रंगकामातील सर्वांत महत्त्वाचा भाग रंग लावण्याआधी, मास्किंग टेपने झाकण्यात आहे. एका हाताचा थर वाळल्यावर साधारणपणे मिलिमीटरचा तीस ते पन्नास सहस्रांश एवढा भरतो, म्हणजे चार हातांत ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडी होते; बैठकीच्या तळाशी अशी असमान जाडी साचली तर यंत्रणा पूर्वीच्या जागी बसत नाही, आणि रंग कालांतराने दबत गेल्याने स्क्रूंचा ताण सैल पडतो. म्हणून यंत्रणा जेथे टेकते ते पृष्ठभाग, स्क्रूंची भोके आणि बटप्लेट व फोरएंडखालची रेल (सरकपट्टी) बसण्याच्या जागा पूर्ण झाकून मगच रंग द्यावा; नळीच्या खाचेत आणि बटप्लेटखाली लाखेचा किंवा पातळ केलेल्या पीयूचा एखादा झिरझिरीत हात पुरेसा असतो, जो लाकूड बंद करतो पण मापात भर घालत नाही. मुठीवर चकचकीत थर देणे टाळावे, कारण घामेजलेला हात त्यावर घसरतो. तेथे लाकूड टोचे मारून खरखरीत ठेवलेले असेल तर त्यावर तेलाचा एक हात पुरे. पकड वाढवणारा चिकट किंवा खरखरीत पदार्थ फोरएंड, मूठ वा दस्त्याच्या खालच्या भागावर चढवण्यास आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत मनाई आहे, शिवाय एअर रायफलीच्या एकूण वजनाची ५.५ किलो ही मर्यादाही पाळावी लागते, म्हणून स्पर्धेत उतरणाऱ्याने लांबी आणि रंगाने आकार व वजन किती वाढले हे तपासून घ्यावे.

आरोग्य आणि आग

लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात केलेला आहे आणि बीचसारख्या कठीण लाकडाच्या धुळीचा संबंध नाकातील कर्करोगाशी आढळून आला आहे. म्हणून घासताना चांगला मास्क आवश्यक असतो. दोन भागांच्या पीयूमधील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. साध्या कापडी मास्कने त्यापासून संरक्षण होत नाही, त्यामुळे ते स्प्रेने मारण्याचे काम योग्य श्वसनयंत्र असलेल्या व्यावसायिकाकडेच द्यावे.

जवसाच्या तेलाचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. हे तेल सुकताना उष्णता बाहेर टाकते, आणि तेलात भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकली तर ती उष्णता आत साठत जाऊन फडकी आपोआप पेट घेतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग अशाच तेलकट चिंध्यांपासून सुरू झाली आणि तीत अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. घरी एखाद-दुसरे फडके वापरणाऱ्यानेही ते उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण वाळवावे किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे. कचऱ्याच्या टोपलीत कधीही टाकू नये.

जोडणी आणि पडताळणी

रंग हाताला न लागणे आणि रंग पूर्ण पक्का होणे यांत मोठे अंतर आहे. पहिली गोष्ट काही तासांत घडते, दुसरीला रोगणाच्या जातीप्रमाणे एक ते अनेक आठवडे लागतात. घाईने जोडलेल्या दस्त्यात बटप्लेट आणि रेल रंगाला चिकटतात आणि पुढच्या वेळी उघडताना थर त्यांच्याबरोबर निघून येतो. पूर्ण पक्के झाल्यावर टेप काढून बैठक नीट पाहावी, कोठे रंगाचा थेंब शिरला असेल तर तो पोलादी पट्टीच्या टोकाने अलगद काढावा, यंत्रणा ठेवून ती न डुगडुगता बसते का ते तपासावे आणि स्क्रू निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या ताणानेच, टॉर्क दाखवणाऱ्या पान्याने, आवळावेत. मग पूर्वीची कागदाची पट्टी नळीखालून पुन्हा सरकवून पाहावी.

शेवटची पडताळणी मैदानावर होते. त्याच काडतुसांनी, त्याच अंतरावरून, शक्यतो रायफल टेकवून काही पुंजके मारावेत आणि ते जपून ठेवलेल्या जुन्या लक्ष्यपत्राशी ताडून पाहावेत. मध्यबिंदू थोडा सरकला असेल तर साईट फिरवून तो जागेवर आणता येतो, पण पुंजका फाकला असेल तर दोष बैठकीत आहे असे समजून दस्ता पुन्हा उघडणे भाग आहे. ज्या क्लबांकडे अशा जुन्या रायफली आहेत, त्यांनी प्रत्येक दस्त्याची अशी नोंदवही ठेवावी आणि हिवाळ्यात त्यांची पाहणी करून घ्यावी, कारण नवी आयात रायफल परवडत नसलेल्या होतकरू नेमबाजाच्या हाती पहिल्यांदा बहुधा हीच रायफल येते. चकाकी, छटा आणि गुळगुळीतपणा यांचे कौतुक जरूर करावे. पण दस्ता चांगला रंगवला गेला की नाही, याचा निकाल लक्ष्यपत्रावरचा पुंजकाच देतो.